थोरलीच्या वाट्याचे गुण

थोरली सून दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळा म्हणायचं, पण खरं तर एका इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे, दुसरीत भट्टी, दाबयंत्र आणि पॉलिशची चाकं. शहरातले दंतवैद्य तिथे लोकांच्या तोंडांचे ठसे पाठवत आणि थोरली त्यावरून कवळ्या करी. रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तंबाखूने पिवळ्या पडलेल्या दातांच्या रांगेत एक नवा दात असा बसवायची की खुद्द मालकालाही तो कोणता हे सांगता येऊ नये. आभार मात्र दंतवैद्याचे मानले जात. कधी रस्त्यात एखादी बाई खळखळून हसताना दिसली की थोरली आपले दात ओळखायची, आणि त्या बाईला ही कोण हे ठाऊकही नसायचं.

माहेरी ती सगळ्यांत मोठी. जे घरात येईल ते वाटायचं, आणि वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. सासरी आली तेव्हा सासू नव्हती. घरात नवरा, तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. एक दीर. आणि सासरे, जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले, अबोल, एका जागी बसून राहणारे.

सासरे एकदा जिन्यावरून घसरले आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला नको, बोलायला नको. तेव्हा थोरलीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक खोका आणला. त्यात एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं, गोष्ट सांगायची, आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगायचं. जमेल की नाही हे तीन फासे ठरवत. फाशांच्या बेरजेत पात्राची क्षमता मिळवायची, आणि ती सूत्रधाराने मनात धरलेल्या आकड्याच्या वर गेली तर फत्ते. नाहीतर आपटी.

सासऱ्यांनी पहिले काही दिवस खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी थोरली कामावरून आली तर उशांना टेकून ते नकाशा काढत बसलेले. डोंगर, घाट, एक पडकं बंदर, नदीची दोन मुखं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी काढल्या, ही पहिलीच स्वतःची होती. तिथून शनिवारची दुपार खेळाची झाली. नवरा आणि दीर आधी चेष्टा करत, मग तेही येऊन बसले. थोरलीने आपलं पात्र केलं ते एका वैद्यिणीचं.

पात्राला सहा क्षमता असत: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप, म्हणजे समोरच्यावर पडणारा प्रभाव. प्रत्येक क्षमता सहापासून सुरू व्हायची आणि वर वाटायला तीस गुण मिळायचे. दहापर्यंत चढायला एका पायरीला एक गुण, दहाच्या पुढे एका पायरीला दोन. थोरलीने किती तरी वेळ पेन्सिल चावली. कुठेच कमी पडू नये, कुणी नाव ठेवू नये, असं करत करत तिने सगळीकडे सारखं वाटलं. तीन क्षमता दहावर, तीन अकरावर. वैद्यीण काही डोळे दिपवणारी नव्हती, पण कुठे अडत नसे. सासरे म्हणायचे, ही आहे म्हणून तुम्ही सगळे जिवंत आहात. हे वाक्य थोरली आठवडाभर पुरवून पुरवून वापरायची.

पाच वर्षं अशी गेली. सासरे काठी घेऊन हिंडूफिरू लागले, नकाशांनी एक कपाट भरलं. आणि मग दिराचं लग्न झालं.

धाकटी पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. उंच, खांद्याला रुंद, केस कायम ओले आणि क्लोरीनचा वास घेऊन घरभर फिरणारी. हसायची तर शेजारच्या घरात ऐकू जाई. थोरलीला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागली, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती हीच थोरलीची पंचाईत होती.

पहिल्याच शनिवारी धाकटी टेबलाशी येऊन बसली. सासऱ्यांनी तिला सहा क्षमता समजावल्या, तीस गुणांचं गणित सांगितलं. धाकटीने कपाळाला आठ्या घातल्या. हिशेब आला की माझी झोप उडत नाही, उलट येते, असं म्हणाली. दुसरा काही मार्ग नाही का? सासरे जरा घुटमळले, आणि म्हणाले की आहे. प्रत्येक क्षमतेसाठी तीन फासे टाकायचे. पडेल ते आपलं.

थोरलीच्या हातातला चहाचा कप बशीत जरा जोरातच टेकला.

दिराने लग्नानंतर बायकोला म्हणून आणलेले हिरवे फासे धाकटीने दोन्ही हातांत खुळखुळवले आणि टाकले. सोळा. मग पंधरा. मग चौदा. छापेला तर सतरा. दीर टाळ्या पिटत होता, थोरलीचा नवरा उठून उभा राहिला होता. उरलेल्या दोहोंत तेरा आणि बारा. धाकटीला त्याचं महत्त्व कळलंही नव्हतं, ती सगळ्यांकडे बघून हसत होती. थोरलीने मात्र मनातल्या मनात ताडलं: हिचं सगळ्यांत कमी ते माझ्या सगळ्यांत जास्तच्याही वर आहे.

धाकटीने एक नावाडीण केली. वादळातून नाव काढणारी, तुरुंगाच्या शिपायाला गप्पांत गुंतवून किल्ली लांबवणारी, पडक्या बंदरावरच्या लुटारूंना एका आरोळीत पळवणारी. गोष्टीचा तोंडवळाच बदलला. सासरे पूर्वी घाटावरून गोष्ट न्यायचे, आता ती पाण्यावरून जाऊ लागली. नवे नकाशे सगळे समुद्राचे. वैद्यीण नावेच्या कोपऱ्यात बसून कुणाला लागलंय का बघायची, आणि नावाडीण असताना कुणाला लागतच नसे. एका शनिवारी सासरे म्हणाले, "ही आली आणि खेळाला जीव आला." सहज म्हणाले. दारावरची घंटा वाजली, कुणी तरी उठलं, विषय संपला. थोरलीसाठी संपला नाही.

तिच्या पोटात त्या दिवसापासून जे दुखायला लागलं ते थांबेना. बसमध्ये, साच्यात मेण ओतताना, नवऱ्याचा डबा भरताना तेच. मला वाटून घ्यायला लावलं. तिला फासे टाकू दिले. मी पेन्सिल चावत बसले आणि तिच्या ओंजळीत आपसूक पडलं. खेळातला आकडा तो, त्याने काय होतंय, असं ती स्वतःला बजावायची. पण मग तिला धाकटीचा पगार आठवे, धाकटीचे खांदे आठवत, आपला नवरा धाकटीच्या विनोदावर कसा डोळे पुसत हसला होता ते आठवे. सगळं त्या सहा आकड्यांतच मांडून ठेवल्यासारखं तिला दिसायला लागलं. नवऱ्याला एकदा बोलून दाखवलं, तर तो म्हणाला की तुझी वैद्यीण चांगली आहे की, भरवशाची आहे. भरवशाची हा शब्द तिच्या इतका वर्मी लागला की तिने त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग तिच्या मनात आलं की फासेच खोटे असतील. दिराने कौतुकाने आणलेले, काय सांगावं. धाकटी कामावर जाताना फासे घरीच ठेवून जायची. थोरलीने ते रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेले. भांडंभर पाण्यात मीठ ढवळत गेली, फासा तरंगेपर्यंत. मग एकेक फासा बोटाने गिरकी देऊन सोडला. आत कुठे जड असेल तर तीच बाजू पुन्हा पुन्हा खाली जायला हवी. तिने कितीदा तरी गिरकी दिली. दर वेळी वेगळा आकडा वर येई. फासे खरे होते. धाकटीला जे मिळालं ते निव्वळ नशिबाने मिळालं होतं. लबाडी सापडली असती तर थोरलीला किती हलकं वाटलं असतं. आता रागवायचं तरी कुणावर?

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे वर उन्हात गेले की ती खाली एकटीच असायची. तिथे तिने तो उद्योग केला. एका फाशाचा रबरासारख्या मसाल्यात ठसा घेतला. कवळीच्या पावडरीत हिरवा रंग कालवला. पहिला जास्त गडद झाला, दुसरा फिका, तिसरा असा जमला की तिलाच दोन्ही शेजारी ठेवून ओळखता येईना. धातूच्या कवळीचा वाटाण्यापेक्षा लहान तुकडा सहाच्या बाजूला दडवला आणि वरून ओतलं. मग घासणं, चकाकवणं, ठिपक्यांत पांढरं भरणं. काम करताना तिला अपराधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर खूप दिवसांत काम करताना इतकं बरं वाटलं नव्हतं. नवा फासा बहुतेकदा एकवर थांबायचा, क्वचित दोनवर, कधीमधी तीनवर. तीनांतला एकच बदलायचा, म्हणजे कुणाला शंका यायला नको.

पुढच्या शनिवारपासून नावाडिणीचे दिवस फिरले. शीड फाटलं. शिपायाने गप्पा अर्ध्यात तोडून हातकड्या घातल्या. आरोळी ठोकली तर लुटारू हसले. धाकटी आधी हसण्यावारी नेत होती, मग तिचं हसू उतरत गेलं. फासे टाकण्याआधी हातांवर फुंकर घालायची, जागा बदलून बसायची. थोरली बघत राहायची आणि तिला समाधान वाटायचं, पण ते टिकेना. कारण घडलं भलतंच. सगळे धाकटीच्या भोवती गोळा झाले. दीर तिची पाठ थोपटे, थोरलीचा नवरा आपल्या पात्राची ढाल तिच्यापुढे धरे, आणि सासरे, नियमाला केसभरही न सोडणारे सासरे, म्हणत की बरं, आणखी एकदा टाकून बघ. वैद्यीण पाच वर्षांत कितीदा तरी हरली होती. तिला कधी कुणी म्हणालं नव्हतं, आणखी एकदा टाक.

मग तो झुलत्या पुलाचा शनिवार आला. पूल तुटायला आलेला, नावाडिणीने पलीकडे उडी घ्यायची. तिच्यासारखीला ते अवघड नव्हतं. धाकटीने फासे टाकले. बेरीज भरली नाही. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा टाकू दिले, तरी भरली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि नावाडीण दरीत पडली म्हणून हळू आवाजात सांगितलं.

धाकटीने फासे हाताने दूर सारले. त्यातला एक टेबलावरून घरंगळला, खालच्या लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर आदळला आणि कपाटाखाली गेला. तिचे डोळे भरले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती पाणी प्यायला आत गेली, मागोमाग दीर गेला.

सासऱ्यांनी काठीने चाचपून फासा बाहेर ओढला. नकाशे काढायचं भिंग टेबलावरच असायचं. त्यांनी फासा भिंगाखाली धरला. थोरलीला तिच्या खुर्चीवरूनच दिसलं: एक कोपरा उडाला होता आणि आत धातू चमकत होता. सासऱ्यांनी फासा सदऱ्याच्या खिशात टाकला. आज इथेच थांबू, म्हणाले. थोरलीचा नवरा उठून गेला. थोरली उठली नाही.

दोघंच उरल्यावर त्यांनी फासा काढून तिच्यापुढे ठेवला.

"काम सुबक झालंय," ते म्हणाले. "रंग तर हुबेहूब. मला भिंगातूनही कळला नसता, कोपरा उडाला म्हणून."

पाच वर्षांत त्यांनी तिच्या हातच्या कामाविषयी काढलेला हा पहिला शब्द होता. थोरलीचा चेहरा गरम झाला. त्यांनी ओरडून, दोन शिव्या देऊन मोकळं व्हावं, पण हे कौतुक परत घ्यावं असं तिला वाटलं. ते तर फासा बोटांनी फिरवत बसले. तेव्हा तिच्या तोंडून इतके महिने दाबून ठेवलेलं बाहेर पडलं.

"बाबा, तुम्ही मला का नाही फासे टाकू दिले? मला तीस गुण देऊन वाटत बसवलंत. ती आली आणि तिला म्हणालात, पडेल ते तुझं."

सासऱ्यांनी मान वर केली. ते खरोखरच चकित झाले होते.

"अगं, मी तुला विचारलं होतं. आधी फासेच पुढे केले होते. तू म्हणालीस, नशिबाने मिळालेलं मला नको, मोजून द्या. मला वाटलं, तुला तसंच आवडतं. म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही."

थोरलीला आठवत नव्हतं. तिने खूप ताण दिला. त्यांचा पाय वजनाला बांधलेला, खिडकीशी खोका, आपल्या हातात पेन्सिल, एवढं दिसे. फासे दिसत नव्हते. पण ते वाक्य तिचंच होतं. आवाजासकट तिचं होतं. असं ती आयुष्यभर सगळ्यांना म्हणत आली होती.

सासरे म्हणाले की ते कुणाला काही सांगणार नाहीत. सांगायचं झालं तर तिनेच सांगायचं, नसेल सांगायचं तर फासा त्यांच्याजवळ राहील. काठी टेकत ते आत गेले.

थोरलीने दोन दिवस कसेबसे ढकलले. कवळ्यांचे साचे चुकले, एकदा मेण सांडलं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून लवकर निघून ती तलावावर गेली. धाकटी पाण्यात उभी राहून एका मुलीला पाठीवर तरंगायला शिकवत होती. मुलीच्या पाठीखाली तिचा हात नुसता होता, उचलत नव्हता. थोरली बाकावर बसून ते पाहत राहिली. किती सहज, असं मनात आलंच. कबुली द्यायला आली होती तरी आलं.

शिकवणी संपल्यावर धाकटी टॉवेल गुंडाळून शेजारी बसली. थोरलीने सांगून टाकलं. मिठाचं पाणी, हिरवा रंग, धातूचा तुकडा, काही ठेवलं नाही. तलावावर आवाज घुमतो म्हणून तिला प्रत्येक शब्द दोनदा ऐकावा लागला.

धाकटी आधी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नव्हते हरत?"

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि मग ती सुटका हळूहळू विरत गेली. टॉवेलचं टोक पिळत ती म्हणाली, "ताई, मी त्या दिवशी एका खोट्या नावाडिणीसाठी रडले. मग मलाच माझी लाज वाटली, की एवढी मोठी बाई आणि खेळासाठी रडते. तुम्हाला हे दिसत होतं ना समोर?"

थोरलीने मान हलवली. दिसत होतं.

"मग आता जा तुम्ही," धाकटी म्हणाली.

पुढचे कितीतरी शनिवार धाकटी टेबलाशी आली नाही, आणि ती नाही म्हणून दीरही नाही. घरात सगळ्यांना कळलं ते दिराकडून. थोरलीचा नवरा बरेच दिवस बायकोकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. एकदा जेवताना मध्येच थांबून त्याने विचारलं, एवढं जळत होतीस आणि मला पत्ता नाही? सांगितलं होतं, थोरली म्हणाली, तुम्ही भरवशाची म्हणालात. तो पोळी वाढून घ्यायला उठला तेव्हा तिच्या ताटातही एक वाढली.

शनिवारी सासरे आणि थोरली दोघंच टेबलाशी बसत. खेळ होत नसे. सासरे समुद्राच्या नकाशाला शाई करत, थोरली रेघा धरून देई. कधी ते आपल्या कचेरीतलं काही सांगत, कधी ती तोंडांच्या आणि दातांच्या गोष्टी. तिला हव्या होत्या त्या या दुपारी, पण अशा नको होत्या.

आणि एका शनिवारी धाकटी आली. ओल्या केसांनीच, नवऱ्याला मागे घेऊन. माफ केलं वगैरे काही बोलली नाही. स्वतःचे नवे फासे पिशवीत घालून आणले होते. पिशवी मांडीवर ठेवून ती थोरलीच्या समोरच्या खुर्चीत बसली. सासऱ्यांनी विचारलं, नावाडिणीला वर काढू का, दरीत खाली पाणी होतं असं म्हणता येईल. ती नको म्हणाली. मेली ती मेली, नवीन करते. आणि या वेळी वाटून घेते.

तीस गुणांचा कागद तिच्यापुढे आला. धाकटीने विचारही न करता आकडे टाकायला सुरुवात केली. छाप सतरावर नेली, त्यातच अठरा गुण उडाले. बुद्धी, शहाणपण आणि चपळाई दहा. ताकद सहा. दम सहा. थोरली उलट्या बाजूने वाचत होती. ही पहिल्या पुलावर परत मरेल, हे तिला स्वच्छ दिसलं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. नुसतं बघत राहायचं होतं.

"दम वाढव," ती म्हणाली. "छापेतले सहा काढ, चपळाईतले चार. दम तेरावर येईल. बोलून सुटशील तू, पण बोलायला श्वास उरला पाहिजे."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तोलून बघितलं, बराच वेळ, कारण आता तिला तसं बघायचा हक्क होता. मग खोडरबर घेतलं.

छाप चौदा, दम तेरा. बुद्धी आणि शहाणपण दहा दहा. ताकद आणि चपळाई जिथून सुरू झाल्या तिथेच, सहावर, उघड्याबोडक्या. त्यांना धाकटीने एक गुणही दिला नाही, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. नको असलेल्या सामानासारख्या त्या तिने खाली राहू दिल्या.

थोरली त्या कागदाकडे पाहत राहिली. तेच तीस गुण. एकाही गुणाची सवलत नाही, फासे नाहीत, नशीब नाही. आणि तरी हे पात्र टेबलावर उठून दिसत होतं. पाच वर्षांत एकदाही तिला सुचलं नव्हतं की दोन गोष्टींत सरळ कमी पडायचं. पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, चांगलंच उठलं. तिने ते ओळखलं आणि बसून राहिली.

"काय आहे ही?" सासऱ्यांनी धाकटीला विचारलं.

"गायिका," धाकटी म्हणाली. "दुबळी, धडपडी, पण हिचं गाणं ऐकल्याशिवाय कुणी हिला मारणार नाही."

सासरे हसले आणि नकाशा उलगडायला लागले. थोरलीने आपल्या वैद्यिणीचा कागद पुढे ओढला. कोपरे झिजलेला, जागोजागी डाग पडलेला. ती म्हणाली की गायिका नावेत चढते तेव्हा वैद्यीण तिचं सामान वर घेते, आणि सामान जड असेल तर तसं सांगते. धाकटी म्हणाली, जडच आहे.